पिलं की फवारलं?

तणनाशकाच्या कंपनीला जाब विचारायचा म्हटलं की वाटतं, कंपनीविरुद्ध पुरावे गोळा करायचे. आमचे पहिले कित्येक महिने भलत्याच कामात गेले. दादा जीव द्यायला निघाला नव्हता, हे सिद्ध करण्यात.

दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. यवतमाळच्या सीमेला लागून आमचा तालुका. घरची पाच एकर जमीन, कापूस आणि मधे तुरीचे तास, म्हणजे ओळी. मी तालुक्याच्या गावी पतसंस्थेत कारकून, त्यामुळे कागदपत्रं माझ्याकडे आणि वावर त्याच्याकडे, अशी वाटणी बाबा होते तेव्हापासूनची. 2021च्या ऑगस्टात पावसानं झड लावली. वाफसा नाही, डवरा चालेना, आणि सगळ्यांच्याच वावरात तण एकदम माजल्यामुळे निंदणाला बाया मिळेनात. मग पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, दोन तासांमधून पॅराक्वाट हे तणनाशक मारायचं ठरलं. ग्लायफोसेट हे दुसरं तणनाशक मुळापर्यंत जातं पण आठ-दहा दिवस घेतं. पॅराक्वाट सकाळी मारलं की संध्याकाळी तण करपलेलं दिसतं, म्हणून लोकांना ते आवडतं. आणि हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे लागणार आहे: आपल्या देशात पॅराक्वाटला ज्या मोजक्या पिकांसाठी परवानगी आहे त्यांत कापूस आहे. म्हणजे दादानं जे मारलं ते परवानगीच्या पिकात, परवानगीच्या पद्धतीनं, दुकानातून विकत आणलेलं होतं.

बॅटरीचा पंप होता. झाकणाची वायसर झिजलेली. चालताना पाणी हिंदकळलं की थोडं थोडं बाहेर यायचं आणि पाठीवरून कंबरेत उतरायचं. झड उघडलेली, ऊन आणि दमट हवा, अंग घामानं तसंही ओलंच. त्यानं दुपारपर्यंत तसंच काम केलं आणि घरी येऊन आंघोळ केली. दुसऱ्या दिवशी कंबर आणि मांड्यांचा वरचा भाग लाल झाला, फोड आले. वहिनीनं खोबरेल लावलं. तिसऱ्या दिवशी ओकाऱ्या आणि लघवी जवळजवळ बंद. मग गाडी करून जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात.

अपघात विभागात एक तरुण डॉक्टर होते. सोबत नेलेली रिकामी बाटली बघून त्यांनी पहिला प्रश्न टाकला, “पिलं की फवारलं?”

“फवारलं जी,” वहिनी म्हणाली.

केसपेपरवर मात्र इंग्रजीत लिहिलं गेलं: ‘अलेज्ड हिस्टरी ऑफ कन्झम्प्शन ऑफ वीडीसाइड’. तणनाशक प्राशन केल्याचे सांगतात. हे आम्ही सांगितलंच नव्हतं. पण मी त्या डॉक्टरांना फार दोष देत नाही. त्या वॉर्डात पॅराक्वाटचा जो पेशंट येतो तो बहुतेक वेळा पिऊनच आलेला असतो, आणि बहुतेक वेळा वाचत नाही. याला उतारा नाही. 2019 साली ओडिशात बुर्ल्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातले डॉक्टर पॅराक्वाटवर बंदी आणा म्हणून उपोषणाला बसले होते. एकामागून एक तरणी पोरं डोळ्यांदेखत जाताना बघून डॉक्टरचा हातही सवयीनं तेच वाक्य लिहीत असेल.

वॉर्डात एक निवासी डॉक्टर मॅडम होत्या. त्यांनी दादाला तोंड उघडायला लावलं, टॉर्च मारून जीभ, गाल, घसा नीट बघितला. पॅराक्वाट पिणाऱ्याच्या तोंडात जखमा होतात, जीभ सोलून निघते. दादाची जीभ साफ होती. मग त्याला कुशीवर वळवून कंबर बघितली, आणि खाली आपल्या बारीक अक्षरात नोंद केली: मुखपोकळी सामान्य, कंबरेच्या खालच्या भागात व दोन्ही नितंबांवर रासायनिक भाजल्याच्या जखमा. त्यांनी लघवीची एक चाचणीही केली. परीक्षानळीत थोडी लघवी, त्यात एक पांढरी पूड टाकून हलवली. मी शेजारीच उभा होतो. रंग फिकट निळा झाला. “पॅराक्वाट आहे,” एवढंच म्हणाल्या.

एकाच केसपेपरवर दोन हस्ताक्षरं. पुढची सगळी लढाई या दोन हस्ताक्षरांतली.

दवाखान्यातलं फार लिहीत नाही. काही डायलिसिस झाले, किडनी हळूहळू रुळावर आली. फुप्फुसं आली नाहीत. एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. दादाला दम लागत होता आणि ऑक्सिजन लावत नव्हते. वहिनीनं वॉर्ड डोक्यावर घेतला. “गरिबाले हवा बी देत नाही का तुमी?” मॅडमनी तिला बाजूला नेऊन समजावलं की हे विष फुप्फुसात साठतं आणि ऑक्सिजन मिळाला की अधिक जाळतं, म्हणून अगदी अडल्याशिवाय लावायचा नसतो. वहिनीला ते पटलं नाही. मलाही पटलं नव्हतं. नंतर वाचल्यावर कळलं की त्या बरोबर होत्या.

दादा वाचला. आज तो सावकाश चालतो, बोलतो, पण वीस किलोचं पोतं उचलत नाही. स्कॅनच्या अहवालात फुप्फुसांवर कायमचे व्रण आहेत.

विषबाधेची केस म्हणजे पोलिसांना कळवणं आलंच. दवाखान्याच्या चौकीतले हवालदार जबाब घ्यायला आले. माणूस सज्जन होता, पण त्याचे प्रश्न ठरलेले होते. घरी भांडण? कर्ज किती? दारू? पोरीचं लग्न? मी म्हणालो, साहेब, पंप गळत होता. ते म्हणाले, ते लिहितो, पण आधी हे सांगा. शेवटी जबाबात ‘शेतात फवारणी करीत असताना पंपातील द्रावण अंगावर सांडून’ हे शब्द आले. मी तिथेच वाचून घेतले, कारण कारकुनी केलेल्या माणसाला ठाऊक असतं की सही झाल्यावर कागद आपला राहत नाही.

मग तालुक्याचं कृषी कार्यालय. तक्रार दिल्यावर निरीक्षक कृषी केंद्रात, म्हणजे बाटली घेतली त्या दुकानात, गेले, त्याच बॅचची सीलबंद बाटली नमुना म्हणून घेतली, प्रयोगशाळेत पाठवली. बऱ्याच दिवसांनी अहवाल आला: नमुना मानकाप्रमाणे. निरीक्षक जरा दिलासा दिल्यासारखे म्हणाले, “काही भेसळ नाही भाऊ, माल असली आहे.” कीटकनाशक कायदा 1968चा. त्याचं सगळं लक्ष माल बनावट आहे का, परवान्याविना विकला का, लेबल चुकीचं आहे का, यावर. असली मालानंच माणूस आजारी पडला तर काय करायचं, याचा रकाना त्या फायलीत नाही.

रकान्यावरून आठवलं. शेतकरी अपघात विम्याची गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची योजना होती तेव्हा. फवारणीतली विषबाधा त्यात बसायची. मृत्यू झाला तर दोन लाख. हात, पाय, डोळा गेला तर त्या त्या प्रमाणात. फुप्फुस गेलं तर? अर्ज घेणाऱ्या बाईंनी यादी दोनदा वर-खाली वाचली. फुप्फुस नाही.

इथपर्यंत आम्ही कंपनीच्या दारातही पोचलो नव्हतो. 2017 साली यवतमाळमध्ये फवारणीनं वीसाहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले, तेव्हाही हेच झालं होतं. दुकानदारांवर कारवाया झाल्या, शेतकऱ्यांनी संरक्षक किट घातलं नाही म्हणून उपदेश झाले. बोट नेहमी जवळच्या माणसाकडे जातं. मजुरानं नीट मारलं नाही, मालकानं किट दिलं नाही, दुकानदारानं सांगितलं नाही. ज्यानं बनवलं तो मुंबईत किंवा त्याहून लांब, आणि त्याचा कागद सगळ्यांत पक्का.

ग्राहक आयोगाचं नाव एका ओळखीच्या वकील मॅडमनी काढलं. 2019चा ग्राहक संरक्षण कायदा 2020च्या जुलैत लागू झाला आणि त्यात उत्पादनामुळे झालेल्या इजेची जबाबदारी हे आख्खं नवं प्रकरण आहे. जुन्या कायद्यात ते नव्हतं. कलम 84 प्रमाणे वापराच्या पुरेशा सूचना किंवा चुकीच्या वापराबद्दल इशारा दिला नसेल तर उत्पादक जबाबदार, आणि रचनेतच दोष असेल तरीही जबाबदार. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, कंपनीच्या गावी जावं लागत नाही. फी वस्तूच्या किमतीवर ठरते. आमची वस्तू म्हणजे काही शे रुपयांची बाटली, त्यामुळे फी शून्य. मुदत दोन वर्षांची.

“शेतकरी ग्राहक कसा? तो तर धंदा करतो,” असं कंपनी म्हणेल, हे मॅडमनी आधीच सांगितलं. त्यावर सर्वोच्च न्यायालयाचा 2012चा नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनचा निकाल आहे. बियाणं घेणारा शेतकरी ग्राहकच, असं त्यात म्हटलंय.

मग त्यांनी कलम 87 उघडलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, “त्या दिवशी दादा कोणाच्या वावरात होते?”

“आमच्याच.”

“नशीब समजा.”

कारण त्या कलमात कंपनीच्या सुटकेच्या वाटा लिहिल्या आहेत. वस्तू मालकानं कामाच्या जागेसाठी विकत घेतली असेल आणि कंपनीनं मालकाला इशारा दिला असेल, तर पुरेसा इशारा दिला नाही या मुद्द्यावर कंपनीला धरता येत नाही. दादा हंगामात दुसऱ्यांच्या वावरात पंपामागे पैसे घेऊन फवारणीला जायचा. हेच त्याला तिथे झालं असतं तर कंपनीचा वकील म्हणाला असता, आम्ही बाटलीवर इशारा दिला होता, बाटली मालकानं घेतली होती, मालकाला विचारा. आणि मालक कोण? आमच्यासारखाच पाच एकरवाला. कामगार नुकसानभरपाईच्या तेव्हाच्या 1923च्या कायद्यातही शेतात कीटकनाशक फवारणारा मजूर यादीत होता, पण तिथेही भरपाई मालकानंच द्यायची. म्हणजे दोन्ही कायद्यांत फवारणारा मजूर आणि लहान शेतकरी एकमेकांसमोर उभे. विदर्भात फवारणी करणारे बहुतेक हात मजुराचे असतात, हे त्या कलम लिहिणाऱ्याला माहीत नसेल का? मला वाटतं, माहीत असावं.

त्याच कलमात दारूही आहे. वापरताना माणूस दारूच्या अंमलाखाली असेल तर कंपनी सुटते. हवालदाराचा प्रश्न मला तेव्हा खटकला होता. तो कुठे जाऊन पोचतो हे आता कळलं.

सगळ्यांत अवघड गेलं ते कृषी केंद्राचं. दुकानदार म्हणजे शेठकाका. बाबांपासून आमची उधारी त्यांच्याकडे. बियाणं, खत, औषध सगळं हंगामाला घ्यायचं आणि कापूस विकला की फेडायचं. आमच्याकडे बिल होतं ते वहीच्या पानावरचं. मॅडमना पक्कं बिल हवं होतं, बॅच क्रमांकासकट. काका म्हणाले, “बाळा, माझं लायसन जाईल. आन् पुढच्या सालची उधारी कोण देईल तुले?” धमकी नव्हती ती, भीतीच होती. मॅडमनी त्यांना समजावलं की नव्या कायद्यात निव्वळ विकणाऱ्यावर उत्पादकाइतकी जबाबदारी येत नाही, वस्तूत त्यानं काही फेरफार केला असेल, स्वतःहून हमी दिली असेल किंवा कंपनीचे इशारे पुढे पोचवले नसतील, अशा ठरावीक कारणांनीच येते. तुम्हाला सामनेवाला, म्हणजे विरुद्ध पक्ष, करू ते रेकॉर्डवर येण्यापुरतं. काकांनी आठवडाभर विचार केला. मग साठा नोंदवहीची प्रत दिली, बॅच क्रमांकावर खूण करून. त्या वर्षी मात्र त्यांनी आम्हाला उधारीवर एकही पिशवी दिली नाही, आणि आम्हीही मागितली नाही.

तक्रार 2022मध्ये दाखल झाली. कंपनीला लेखी उत्तराला तीस दिवस, फार तर आणखी पंधरा. त्यापुढे एक दिवसही नाही, असा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा निकाल आहे. कंपनीचं उत्तर मुदतीच्या टोकाला आलं. जाड होतं. वाचायला मी दोन संध्याकाळी घेतल्या.

त्यात म्हटलं होतं की आमचं उत्पादन केंद्रीय नोंदणी समितीकडे रीतसर नोंदलेलं आहे. लेबल आणि माहितीपत्रक सरकारनं मंजूर केलेलं आहे. त्यावर पिवळा त्रिकोण आहे, ‘विष’ असं लाल अक्षरात आहे. हातमोजे, बूट, मुखवटा, अॅप्रन वापरा असं छापलेलं आहे. प्रयोगशाळेच्या अहवालाप्रमाणे माल मानकाप्रमाणे आहे. तक्रारदारानं साधनं न वापरता, नादुरुस्त पंपानं फवारणी केली. आणि मुळात तक्रारदारानं फवारणी केलीच नसून केसपेपरवरील नोंदीप्रमाणे ते प्राशन केलेलं दिसतं.

पुराव्यादाखल दोन कागद जोडले होते. एक, अपघात विभागातली ती ओळ, पिवळ्या शाईनं रंगवलेली. दुसरा आमचाच सातबारा. आम्ही शेतकरी आहोत हे दाखवायला आम्ही तो दिला होता. त्यांनी इतर हक्काच्या रकान्यातला सोसायटीच्या पीक कर्जाचा बोजा अधोरेखित केला होता. म्हणजे कर्ज होतं, म्हणजे कारण होतं. आमच्या भागात ज्याच्या सातबाऱ्यावर बोजा नाही असा माणूस मला दाखवा.

दादाला मी ते वाचून दाखवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “मले मेलेला बी नाही ठेवला आन् जिता बी नाही.”

मॅडम माझ्याइतक्या चिडल्या नाहीत. त्यांच्या दृष्टीनं उत्तरात कंपनीनं एक गोष्ट कबूल केली होती. माल असली आहे. बनावट असता तर कंपनी हात झटकून मोकळी झाली असती. आता प्रश्न उरला तो हा की कापसासाठी विकलेला, मानकाप्रमाणे असलेला माल गळक्या पंपातून अंगावर आला तर माणसाचं फुप्फुस जातं, हे कंपनीला माहीत होतं का, आणि बाटलीवर तसं सांगितलं होतं का. माहितीपत्रक आम्ही टेबलावर पसरलं. घडीवर घडी, अनेक भाषा, मराठीचा मजकूर मुंगीएवढा. ‘त्वचेशी संपर्क टाळा’ आहे. ‘विशिष्ट उतारा नाही’ आहे. कातडीतून शिरून जीव जाऊ शकतो, भिजलेले कपडे तत्काळ काढा नाहीतर फुप्फुस निकामी होईल, असं साध्या मराठीत कुठेही नाही. पंप गळणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. ते प्रत्येक वावरात होतं.

मुखवटा आणि अॅप्रनच्या मुद्द्यावर मॅडमनी एक कागद जोडला. कीटकनाशकांच्या व्यवस्थापनासाठी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची आणि जागतिक आरोग्य संघटनेची एक आंतरराष्ट्रीय आचारसंहिता आहे. तिच्यात सरळ म्हटलंय की ज्या औषधाला अंगावर चढवायची साधनं त्रासदायक, महाग किंवा सहज न मिळणारी असतात, असं औषध टाळावं, विशेषतः उष्ण हवेतल्या लहान शेतकऱ्यांसाठी आणि मजुरांसाठी. झडीनंतरच्या उन्हात रबरी अॅप्रन घालून पाठीवर भरलेला पंप घेऊन चालून बघावं ज्यानं हे लेबल लिहिलं त्यानं. तास दीड तासात चक्कर येते.

आणि मग एक फोटो सापडला, तोही आमच्याच गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. आदल्या वर्षी कंपनीच्या प्रतिनिधीनं गावात प्रात्यक्षिक घेतलं होतं. फोटोत कंपनीची टोपी आणि टी-शर्ट घातलेला पोरगा पाठीवर पंप घेऊन तण मारतोय. हातात मोजे नाहीत, तोंडावर काही नाही, पाय उघडे. बाजूला प्रतिनिधी अंगठा दाखवून उभा. लेबल काय सांगतं आणि कंपनी वावरात येऊन काय दाखवते, यातला फरक एका चौकटीत. फोन कोणाचा, फोटो कुठून आला, याचं पुरावा कायद्याच्या 65-बी कलमाचं प्रमाणपत्र जोडावं लागलं. ते ज्याच्या फोनमधला फोटो त्या पोरानं न घाबरता दिलं. त्याचे उपकार.

मॅडम रात्री कधी कधी मला परदेशातल्या बातम्या पाठवायच्या. ऑगस्ट 2018मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ज्यूरीनं ड्वेन जॉन्सन या शाळेच्या मैदानांची देखभाल करणाऱ्या माणसाच्या बाजूनं मॉन्सॅन्टो या तणनाशक कंपनीविरुद्ध 28.9 कोटी डॉलरचा निकाल दिला. पुढे न्यायालयांतच ती रक्कम 2.05 कोटींवर आली. तिथला विषय ग्लायफोसेटचा आणि कर्करोगाचा, आणि मॉन्सॅन्टो विकत घेणारी बायर कंपनी ते सुरक्षित असल्याचं आजही म्हणते. माझं लक्ष मात्र दुसऱ्याच गोष्टीत अडकलं. फवारणीचं यंत्र बिघडून त्या माणसाचंही अंग भिजलं होतं. त्यानं कंपनीला फोन करून विचारलं होतं की माझ्या आजाराचा याच्याशी संबंध असेल का, आणि त्याच्या साक्षीप्रमाणे त्याला कोणी परत फोन केला नाही. तिथे खटल्यात कंपनीला आतले ईमेल, आतले अभ्यास बाहेर काढून द्यावे लागले, ते ज्यूरीसमोर वाचले गेले. पॅराक्वाट आणि कंपवाताचे हजारो दावेही इलिनॉयच्या संघीय न्यायालयात 2021पासून एकत्र चालले.

आमच्याकडे कंपनीच्या आतला एक कागद नाही. आमच्याकडे बाटली, माहितीपत्रक, केसपेपर आणि फोटो.

यवतमाळच्या माणसांनी तर थेट स्वित्झर्लंड गाठलं होतं. 2017मध्ये नवरे गमावलेल्या दोन बायका आणि एक वाचलेला शेतकरी यांनी 2020मध्ये सिंजेंटा या तिथल्या कंपनीविरुद्ध बासेलला दावा लावला. तो कीटकनाशकाचा होता, तणनाशकाचा नव्हे, आणि कंपनी जबाबदारी नाकारते. पण कंपनीच्या गावी जाऊन विचारण्याची कल्पनाच मला तेव्हा धीर देऊन गेली. आणखी एक विचित्र गोष्ट वाचली. पॅराक्वाट स्वित्झर्लंडमध्ये 1989पासून बंद आहे, युरोपीय संघात 2007पासून. आणि आंतरराष्ट्रीय व्यापारात त्याच्या द्रावणाची धोकादायक म्हणून नोंद करायचा प्रस्ताव 2013मध्ये जिनिव्हात आला, तेव्हा अडवणाऱ्यांत आपला देश होता. हे दादाला सांगितलं नाही.

मधेच समझोत्याचा निरोप आला, शेठकाकांमार्फतच. माणुसकीच्या नात्यानं काही रक्कम देतो, जबाबदारी मान्य करत नाही, तक्रार मागे घ्यायची आणि बाहेर बोलायचं नाही. रक्कम आमच्या मानानं लहान नव्हती. वहिनीचं मन झालं होतं, आणि तिला चूक म्हणायची माझी हिंमत नाही. औषधांचा खर्च तीच बघते. दादानं एकच विचारलं, “ते ‘पिलं’ लिवलं हाय, ते खोडून देतीन का? लिहून देतीन का का हा माणूस फवारत होता म्हनून?”

काकांनी फोनवर विचारलं. तसं लिहून देता येणार नाही, असं उत्तर आलं. दादा म्हणाला, मग राहू द्या.

आता पुराव्याची पायरी चालू आहे. ग्राहक आयोगात साक्षीदाराला पिंजऱ्यात उभं करून उलटतपासणी सहसा होत नाही, लेखी प्रश्नावली देतात आणि शपथेवर उत्तरं घेतात. वॉर्डातल्या डॉक्टर मॅडम आता दुसऱ्या राज्यात आहेत. त्यांनी शपथपत्र पाठवलं: जीभ साफ होती, जखमा कंबरेवर होत्या, माझं अक्षर आहे. अपघात विभागातली ती ओळ त्यांनी खोटी म्हटली नाही. एवढंच लिहिलं की पहिल्या काही मिनिटांची नोंद सांगीव माहितीवर असते आणि तपासणीची नोंद डोळ्यांनी बघून असते. फुप्फुसांबद्दल मत द्यायला मात्र तज्ज्ञ मिळवताना नाकी नऊ आले. अहवाल सगळे वाचतात, ‘यामुळे झालं’ असं लिहायला कोणी तयार नसतं.

कंपनीनं दादाला पाठवलेली प्रश्नावली लांबलचक आहे. तणाची उंची किती होती, वारा कोणत्या दिशेचा होता, नोझल कोणतं, माहितीपत्रक पूर्ण वाचलं होतं का. ‘घटनेच्या दिवशी आपण काही प्राशन केले होते काय?’ याला दादानं उत्तर सांगितलं, “चहा.” मॅडमनी हसून ‘मद्य वा विष नाही’ असं लिहून घेतलं, आणि दादाच्या हट्टामुळे पुढे ‘चहा घेतला होता’ हेही ठेवलं.

आम्ही कंपनीला मोजकेच प्रश्न विचारले. भारतात या उत्पादनामुळे फवारणीदरम्यान झालेल्या विषबाधेच्या किती तक्रारी आजवर तुमच्याकडे आल्या? त्यांचं काय केलंत? गळक्या पंपातून कातडीवाटे शिरण्याच्या धोक्याचा अभ्यास तुमच्याकडे आहे का, असल्यास कोणत्या सालचा? फोटोतला टी-शर्ट तुमचा आहे का?

टी-शर्ट त्यांनी मान्य केला, पोरगा त्यांचा कर्मचारी नसल्याचं सांगितलं. बाकी तिन्हींना एकच उत्तर: प्रश्न अप्रस्तुत आणि व्यावसायिक गुपिताशी संबंधित, म्हणून हरकत. त्या हरकतीवर पुढच्या तारखेला युक्तिवाद आहे. मॅडमनी तोवर अर्ज टंकून ठेवलाय की तक्रारींचा आकडा सांगायचा नसेल तर कंपनीच्या जबाबदार अधिकाऱ्यानं तसं शपथेवर, नाव आणि हुद्द्यासह, लिहून द्यावं.